पाण्यात काय विरघळते, काय विरघळत नाही, व का?
(खारजमीन, खते व फवारणीची औषधे यांच्या संबंधात)

मुंबई उपनगर जिल्ह्यातील मढ या गावाच्या पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस मालाडची खाडी आणि दक्षिणेस खाडीचे मुख असून पलीकडच्या तीरावर वेसावे आहे. अशा गावी तीन गोष्टी एकाच किनाऱ्यावर नित्य दृष्टीस पडतात. समुद्राच्या पाण्यात मीठ आहे, पण ते डोळ्यांना दिसत नाही, कारण ते पूर्णपणे विरघळलेले असते. होडीच्या यंत्रातून सांडलेल्या तेलाचा तवंग पाण्यावर पसरतो, परंतु कितीही लाटा आल्या तरी तेल पाण्यात विरघळत नाही. आणि वाळूत पडलेले शिंपले वर्षानुवर्षे भरती-ओहोटीच्या पाण्यात भिजत असूनही मिठाप्रमाणे विरघळून नाहीसे होत नाहीत. पाणी तेच असता एक पदार्थ विरघळतो, दुसरा तरंगतो व तिसरा तसाच राहतो, याचे कारण काय?

हा प्रश्न केवळ शाळेतील रसायनशास्त्राचा आहे असे समजू नये. जमिनीतील मीठ पावसाने धुऊन जाणे, युरिया शेतातून वाहून जाणे, ठिबक संचाची छिद्रे बुजणे, तेलाच्या फवाऱ्याने पाने करपणे या सर्वांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. तो नीट न समजल्यामुळे प्रस्तुत लेखकाच्या हातून घडलेली एक चूक पुढे सांगितली आहे. ती इतरांच्या हातून घडू नये हाच या लेखाचा हेतू होय.

पाण्याच्या रेणूची घडण

पाण्याच्या प्रत्येक रेणूत ऑक्सिजनचा एक व हायड्रोजनचे दोन अणू असतात. हे अणू आपले इलेक्ट्रॉन भागीदारीत वापरतात. या भागीदारीच्या बंधास सहसंयुजी बंध म्हणतात. परंतु ही भागीदारी समसमान नसते. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन अधिक जोराने आपल्याकडे ओढतो, त्यामुळे त्याच्या बाजूस किंचित ऋण विद्युत्भार व हायड्रोजनच्या बाजूस किंचित धन विद्युत्भार येतो. शिवाय हे तीन अणू एका सरळ रेषेत नसून कोन करून बसलेले असतात. त्यामुळे रेणूचे एक टोक ऋण व दुसरे धन असे राहते. अशा रेणूस ध्रुवीय रेणू म्हणतात. लोहचुंबकास जशी दोन टोके असतात तशी पाण्याच्या रेणूसही आहेत, असे स्थूलमानाने समजण्यास हरकत नाही.

एका रेणूचे धन टोक शेजारच्या रेणूच्या ऋण टोकाकडे ओढले जाते. या ओढीस हायड्रोजन बंध म्हणतात. पाण्याचे रेणू अशा प्रकारे एकमेकांस धरून असतात. कोणताही पदार्थ पाण्यात विरघळावयाचा म्हणजे त्याच्या कणांना या रेणूंनी आपल्यात जागा दिली पाहिजे, आणि पाण्याची ओढ त्या कणांच्या परस्परांतील ओढीस पुरून उरली पाहिजे. विद्राव्यतेचा सर्व प्रश्न म्हणजे या दोन ओढींची तुलना होय.

मीठ, साखर व युरिया

मिठात सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकतो. सोडियमवर धन भार व क्लोरीनवर ऋण भार येतो. अशा भारित कणांस आयन व त्यांच्यातील बंधास आयनी बंध म्हणतात. मिठाच्या खड्यात हे आयन एकाआड एक रचलेले असतात. खडा पाण्यात पडला की पाण्याच्या रेणूंची ऋण टोके सोडियमला व धन टोके क्लोराइडला सर्व बाजूंनी घेरतात. पाण्यामध्ये विरुद्ध भारांतील ओढ हवेतील ओढीच्या सुमारे ऐंशीव्या हिश्शाइतकीच उरते. म्हणून आयन सुटे होऊन पाण्याबरोबर हिंडू लागतात. एक लिटर पाण्यात सुमारे ३६० ग्रॅम मीठ विरघळू शकते. समुद्राच्या पाण्यात दर लिटरमागे सर्व प्रकारचे क्षार मिळून सुमारे ३५ ग्रॅमच असतात, म्हणजे समुद्राची मीठ विरघळविण्याची शक्ती अद्याप पुष्कळच शिल्लक असते.

साखर व युरिया यांचे आयन होत नाहीत. त्यांचे रेणू सहसंयुजी बंधांनी बांधलेले असून पाण्यात ते अखंडच राहतात. तरीही हे पदार्थ मुबलक विरघळतात, कारण त्यांचे रेणूही ध्रुवीय आहेत व पाण्याशी हायड्रोजन बंध करू शकतात. एक लिटर पाण्यात एक किलोग्रॅमहून अधिक युरिया विरघळतो. बादलीत युरिया टाकून ढवळताना बादली हातास गार लागते, हा अनुभव पुष्कळांस असेल. युरियाच्या दाण्यातील रेणू एकमेकांपासून सोडविण्यास उष्णता लागते व ती पाण्यातून घेतली जाते, म्हणून पाणी थंड होते.

तेल का विरघळत नाही?

तेलाच्या रेणूत कार्बन व हायड्रोजन यांच्या लांब साखळ्या असतात. या दोन अणूंमधील इलेक्ट्रॉनची भागीदारी जवळजवळ समसमान असल्याने या साखळ्यांस धन-ऋण टोके नसतात. पाणी तेलाला दूर लोटते अशी समजूत आहे, ती बरोबर नाही. पाण्याचे रेणू एकमेकांस इतके घट्ट धरून असतात की आपल्यातील बंध सोडून तेलाला जागा देण्यात त्यांचा काही लाभ नसतो. त्यामुळे तेल बाहेर राहते, आणि हलके असल्याने वर तरंगते. समान स्वभावाचे पदार्थ एकमेकांत विरघळतात, हा सोपा नियम ध्यानात ठेवावा. ध्रुवीय पदार्थ पाण्यात विरघळतात, अध्रुवीय पदार्थ तेलात किंवा रॉकेलमध्ये.

साबण या दोहोंना जोडणारा मध्यस्थ आहे. त्याच्या कणाचे एक टोक आयनी असून ते पाण्यात राहते, तर दुसरे टोक तेलासारखी लांब साखळी असून ते तेलाच्या थेंबात शिरते. असे असंख्य कण थेंबाभोवती बसले म्हणजे थेंब परस्परांस चिकटत नाहीत व दुधासारखे पांढरे मिश्रण तयार होते. त्यास पायस म्हणतात. येथे तेल विरघळलेले नसून केवळ बारीक थेंबांच्या रूपाने विखुरलेले असते, हा भेद महत्त्वाचा आहे.

शिंपला व जिप्सम

मग शिंपला आयनी पदार्थ असूनही का विरघळत नाही? शिंपला मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेटचा बनलेला असतो. यातील कॅल्शियमवर दोन धन भार व कार्बोनेटवर दोन ऋण भार असतात, त्यामुळे त्यांची परस्परांतील ओढ मिठातील ओढीपेक्षा कितीतरी अधिक बळकट असते व पाणी तिच्यापुढे हरते. शुद्ध पाण्याच्या एका लिटरमध्ये एक ग्रॅमच्या सुमारे शंभराव्या हिश्शाइतकेच कॅल्शियम कार्बोनेट विरघळते. जिप्सम या दोहोंच्या मधे आहे. ते एका लिटरमध्ये सुमारे अडीच ग्रॅम विरघळते. मात्र दुहेरी भाराचे सर्वच क्षार अविद्राव्य असतात असे नाही. मॅग्नेशियम सल्फेट चांगलेच विरघळते, कारण मॅग्नेशियमचा लहानसा आयन पाण्याच्या रेणूंना फार जोराने धरतो. ओढींची तुलना दोन्ही बाजूंनी करावयाची असते, ती अशी.

मुलुंड, भांडुप व कांजूर या बाजूस पूर्वापार मिठागरे चालत असत. तेथील काम याच भेदावर आधारलेले होते. खाडीचे पाणी उन्हाने आटू लागले म्हणजे प्रथम चुन्याचा अंश, मग पाणी सुमारे पाचव्या हिश्शावर आल्यावर जिप्सम आणि सुमारे दहाव्या हिश्शावर आल्यावर मीठ खाली बसते. सर्वांत अधिक विद्राव्य असे मॅग्नेशियमचे क्षार शेवटच्या कडू पाण्यात राहतात. हे कडू पाणी वेळीच काढून टाकले नाही तर मीठ दमट राहते व पावसाळ्यात त्याला पाणी सुटते.

प्रस्तुत लेखकाची चूक

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतील गोष्ट आहे. मढ येथील एका वाडीत वांग्यावर मावा पडला होता. एप्रिल महिना होता. दर लिटर पाण्यास ५ मिलिलिटर निंबोळी तेल व थोडा साबण असे मिश्रण करून फवारावे, असे सांगून लेखकाने स्वतःच पंप भरून दिला. पाणी वाडीतील विहिरीचे घेतले. चार दिवसांनी जाऊन पाहता पहिल्या ओळींवरील मावा जसाच्या तसा होता, आणि शेवटच्या ओळीतील झाडांची पाने करपून गेली होती.

तेल भेसळीचे असावे असा तर्क लेखकाने बोलून दाखविला. त्या घरातील वृद्ध मावशी ऐकत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “साहेब, उन्हाळ्यात या विहिरीचं पाणी मचूळ होतं. यात आमच्या कपड्यांना साबण लागत नाही, डाळ शिजत नाही. तुमचा साबण तरी कसा लागेल?”

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. उन्हाळ्यात किनाऱ्यावरील विहिरींचे गोडे पाणी उपशाने खाली जाते व समुद्राचे पाणी भूगर्भातून आत सरकते. अशा पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे आयन साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात. साबण साक्यात गेला म्हणजे तेलाचे थेंब सुटे धरून ठेवणारे कोणी राहत नाही, व तेल पंपातच वर तरंगू लागते. पंप पाणी तळातून ओढतो. त्यामुळे पहिल्या ओळींना केवळ पाणी मिळाले आणि टाकी संपत आल्यावर उरलेले सर्व तेल शेवटच्या झाडांवर पडले. दोष तेलाचा नव्हता. पाण्याची चौकशी न करता सल्ला देणाऱ्याचा होता. ज्या घरी साबणास फेस येत नाही हे रोज दिसत होते, त्या घरी ती एक गोष्ट विचारली असती तर त्या कुटुंबाचे नुकसान टळले असते.

पुढील वेळी पिण्याचे गोडे पाणी थोडे घेऊन त्यात प्रथम साबण विरघळविला, त्यात तेल हळूहळू ओतून दुधासारखे होईपर्यंत घुसळले, मग उरलेले गोडे पाणी घातले व फवारताना पंप वारंवार हलविला. मावा आटोक्यात आला. पाणी मचूळच वापरणे भाग असेल तर साबणाऐवजी कठीण पाण्यातही चालणारे पायसकारी द्रव्य घालावे. कोणतेही मिश्रण पंपात भरण्यापूर्वी काचेच्या बाटलीत करून अर्धा तास ठेवून पाहावे. वर तेल किंवा खाली साका दिसल्यास ते फवारू नये.

खारजमिनीतील मीठ

मढ परिसरात आज भातशेती फार थोडी उरली आहे. परंतु ठाणे, पालघर व रायगड जिल्ह्यांत खाडीकाठी खारजमिनीचे मोठे पट्टे आहेत. या जमिनींच्या संरक्षणासाठी १९४८ साली मुंबई राज्यात खारजमिनींचा कायदा झाला व त्यानंतर १९७९ साली महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम आला. पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने खारास दाद देणारे पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ हे भाताचे वाण दिले आहेत.

अशा जमिनीतील मीठ काढण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे पावसाचे पाणी. एक गुंठा जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे दहा हजार लिटर पाणी पडते. एका लिटरमध्ये ३६० ग्रॅम मीठ विरघळू शकते हे लक्षात घेतल्यास, मीठ विरघळविण्यास कोकणचा पाऊस कधीही अपुरा पडत नाही हे उघड होईल. अपुरी पडते ती विरघळलेल्या मिठास बाहेर जाण्याची वाट. चर बुजलेले असतील, उघाडीची झडप नादुरुस्त असेल, तर खारे पाणी शेतातच राहते, आणि पाऊस ओसरल्यावर पाणी वाफ होऊन जाते व मीठ पुन्हा मातीवर बसते. मीठ पाण्याबरोबर येते व पाण्याबरोबरच जाते. पाण्याला वाट दिली तरच मिठाला वाट मिळते.

म्हणून पावसाळ्यापूर्वी जमीन नांगरून ठेवावी, बाहेरकाठा व उघाडी दुरुस्त करावी, पहिल्या पावसाचे पाणी बांध घालून काही काळ शेतात साठवावे व ओहोटीच्या वेळी उघाडीतून सोडून द्यावे. असे दोन-तीन वेळा केल्यावरच पेरणी अथवा लावणी करावी. भात निघाल्यावर जमीन उघडी टाकू नये. पेंढ्याचे आच्छादन घातल्यास खालचे खारे पाणी वर चढून आटण्याचे प्रमाण कमी होते.

काही जमिनींत मीठ धुऊन गेल्यावरही सोडियम मातीच्या कणांस चिकटून राहतो व माती चोपण होते. मातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो, त्यामुळे सोडियमचे धन आयन नुसत्या पाण्याने सुटत नाहीत. तेथे जिप्सम उपयोगी पडते. ते सावकाश विरघळून कॅल्शियम देते, कॅल्शियमचा दुहेरी भार सोडियमला बाजूस सारतो व सुटलेला सोडियम पाण्याबरोबर निघून जातो. परंतु प्रत्येक खारजमिनीस जिप्सम लागतेच असे नाही. माती परीक्षणाचा अहवाल पाहिल्याशिवाय त्यावर खर्च करू नये.

खते

ज्या गुणामुळे मीठ धुऊन जाते त्याच गुणामुळे खतही धुऊन जाते. युरियाच्या रेणूवर भार नसल्याने मातीचा कण त्यास धरून ठेवू शकत नाही. जमिनीतील जीवाणूंमुळे त्याचे अमोनियममध्ये रूपांतर होते. अमोनियमवर धन भार असल्याने ते मातीस चिकटते. त्यापुढे नायट्रेट बनले की ऋण भारामुळे ते पुन्हा मोकळे होते व पाण्याबरोबर खाली अथवा बाहेर जाते. म्हणून युरिया एकदम न देता हप्त्यांनी द्यावा, देण्यापूर्वी खाचरातील जादा पाणी काढावे व दिल्यानंतर काही दिवस पाणी वाहू देऊ नये. मुसळधार पावसाचा अंदाज असता युरिया फेकणे म्हणजे तो खाडीस अर्पण करणे होय. चारसूत्री भात लागवडीत युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मधोमध ७ ते १० सेंटिमीटर खोल चिखलात खोचतात, त्याचेही कारण हेच. तेथे तयार होणारे अमोनियम चिखलातच धरून ठेवले जाते.

स्फुरदाची स्थिती उलट आहे. सुपर फॉस्फेटमधील स्फुरद पाण्यात विरघळतो खरा, परंतु कोकणातील तांबड्या मातीतील लोह व ॲल्युमिनियम यांच्याशी संयोग पावून तो लवकरच अविद्राव्य होतो. तो वाहून जात नाही, पण मुळांनाही सहज मिळत नाही. म्हणून तो लावणीच्या वेळीच व मुळांच्या जवळ द्यावा.

ठिबक संचातून खते देणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. कॅल्शियम नायट्रेट व मॅग्नेशियम सल्फेट ही दोन्ही खते वेगवेगळी उत्तम विरघळतात, परंतु एकाच टाकीत दाट द्रावण केल्यास कॅल्शियम व सल्फेट एकत्र येऊन जिप्समचा साका बसतो व छिद्रे बुजतात. फॉस्फेटयुक्त खतही कॅल्शियमबरोबर मिसळू नये.

न विरघळण्याचा उपयोग : बोर्डो मिश्रण

पदार्थ विरघळत नाही हा नेहमीच दोष नसतो. मोरचूद पाण्यात चांगले विरघळते. तसेच फवारले तर पाने जळतील व पहिल्याच सरीने औषध धुऊन जाईल. फ्रान्समधील बोर्डो येथील प्राध्यापक मिलार्दे यांनी १८८५ साली मोरचूद व चुना यांचे मिश्रण द्राक्षांच्या केवडा रोगावर प्रसिद्ध केले. चुन्यामुळे तांब्याचा आयन घट्ट बांधला जाऊन निळसर, अविद्राव्य साका बनतो. तो पानास चिकटून पावसातही टिकतो व ओलाव्यात कणाकणाने तांबे सोडून बुरशीस रोखतो. कोकणात सुपारीच्या कोळे रोगावर पावसाळ्यापूर्वी हेच मिश्रण फवारतात.

एक टक्का मिश्रणासाठी १ किलोग्रॅम मोरचूद व १ किलोग्रॅम चांगला कळीचा चुना प्रत्येकी ५० लिटर पाण्यात वेगवेगळा करावा व दोन्ही तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतून ढवळावे. लोखंडी भांडे वापरू नये. तयार मिश्रणात स्वच्छ विळ्याचे पाते मिनिटभर बुडवावे. पात्यावर तांबूस थर आल्यास विरघळलेले तांबे अद्याप शिल्लक आहे असे समजून आणखी चुना घालावा. मिश्रण त्याच दिवशी वापरावे.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. कोणताही सल्ला देण्यापूर्वी कोणते पाणी वापरणार हे विचारावे. घरी साबणास फेस येतो काय व डाळ शिजते काय, एवढ्यावरून पाण्याची बरीच कल्पना येते.

२. पूर्ण विरघळणारे, पायस होणारे व भुकटीच्या रूपाने तरंगणारे अशी औषधे ओळखावी. शेवटच्या दोन प्रकारांत पंप सतत हलविणे अवश्य आहे.

३. खते व औषधे मिसळण्यापूर्वी बाटलीत चाचणी घ्यावी.

४. युरिया व सुपर फॉस्फेट मिसळून साठवू नये. त्यास पाणी सुटते. पावसाळ्यात खतांची पोती फळ्यांवर व भिंतीपासून दूर ठेवावी.

५. खारजमिनीत बी-खतापूर्वी चर व उघाडी यांकडे लक्ष द्यावे.

पाण्याचा हा स्वभाव बदलता येत नाही, परंतु तो ओळखून काम करता येते. ग्रामीण कार्यकर्त्यांनी गावात सल्ला देताना तेथील माणसांना, विशेषतः घरातील भगिनींना, पाण्याविषयी अवश्य विचारावे. त्या पाण्याची परीक्षा त्या दररोज घेत असतात.